कुंडलिकेवर राफ्टिंग आणि नदीकाठचा मुक्काम : गटाची सहल कशी आखावी

कोलाडच्या राफ्टिंगची सहल ठरवताना बहुतेक गट तारीख आणि माणशी खर्च यांपासून सुरुवात करतात. सुरुवात खरे तर पाण्यापासून करायला हवी. पावसाळा संपल्यावर राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, वाहून नेण्याइतके स्वतःचे पाणी रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिका नदीत उरत नाही. ते येते घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणातून. धरणाचे पाणी बोगद्याने डोंगराच्या धारेपर्यंत आणतात, तेथून मोठ्या नळांवाटे सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडतात, आणि वीज तयार करून झाली की ते कुंडलिकेच्या पात्रात उतरते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. ज्या धरणावर ते चालते त्याच्या विरोधात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता, हे कोलाडला जाणाऱ्या गाडीत निदान एकदा तरी कोणीतरी सांगावे असे मला वाटते. पाणी मुळचे मुळा नदीचे, भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाणारे. आपण मात्र त्याच पाण्यावर बसून अरबी समुद्राच्या दिशेने निघतो.

या इतिहासाचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. नदीला पाणी केव्हा आणि किती येणार हे विजेच्या मागणीवर आणि वीजगृहाच्या वेळापत्रकावर ठरते, पर्यटकांच्या सोयीवर नाही. साधारणपणे पाणी सकाळी सुटते, काही तास पात्र भरून वाहते आणि मग उतरू लागते. सर्व राफ्ट त्या अवधीतच सुटतात. म्हणून सहलीचे वेळापत्रक घरून निघण्याच्या वेळेपासून पुढे न मांडता, राफ्ट पाण्यात ढकलण्याच्या क्षणापासून मागे मोजत मांडावे. साडेआठला राफ्ट सुटणार असेल तर आठला सुरक्षेच्या सूचना, साडेसातला जॅकेट आणि हेल्मेटचे वाटप, सातला नाश्ता, आणि सहाला सगळे तंबूबाहेर, असा तो उलटा हिशेब असतो.

हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. पहिल्या खेपेला आम्ही बावीस जण पुण्याहून पहाटे चारला निघालो आणि दुपारी राफ्टिंग झाल्यावर रात्रीचा मुक्काम करायचा असे ठरवले. ताम्हिणी घाटातल्या वळणांवर दोघांना उलट्या झाल्या, गाडी तीनदा थांबली, कोणाला तरी धुक्यातला फोटो हवा होता, आणि आम्ही नदीवर पोहोचलो तेव्हा बाकीच्या राफ्ट निघून पाऊण तास झाला होता. आयोजकाने आम्हाला उतरवले खरे, पण शेवटच्या टप्प्यात पाणी इतके खाली गेले होते की राफ्टचा तळ खडकांवर घासून अडकत होता आणि आम्ही सगळे एका तालात उड्या मारून ती सोडवत होतो. त्या दिवशी वल्ही मारण्यापेक्षा उड्याच जास्त झाल्या. त्यानंतर प्रत्येक वेळी मुक्काम आदल्या रात्री आणि राफ्टिंग दुसऱ्या सकाळी, हा क्रम आम्ही कधी बदलला नाही. याचा आणखी एक फायदा असा की दमलेले, ओले आणि उन्हात भाजलेले लोक संध्याकाळी तंबू ठोकायला उभे राहत नाहीत. ते काम ताज्या हातांनी आदल्या दिवशीच उरकलेले असते.

हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुक्कामासह जाण्याचा उत्तम काळ आहे. या दिवसांत रात्री दरीत चांगलीच थंडी पडते आणि पहाटे नदीवर धुके उतरते, पण दिवस सुखाचा जातो. पावसाळ्यात नदीला स्वतःचे पाणीही असते आणि राफ्टिंगला खरी मजा येते, तथापि मुसळधार पावसाच्या दिवशी ते बंद ठेवावे लागते आणि तंबूतला मुक्काम म्हणजे चिखल आणि डास यांच्याशी रात्रभर झटापट असते. पावसाळ्यात जायचेच असेल तर पक्क्या छपराखाली राहावे. मार्चनंतर तंबू दुपारी भट्टीसारखे तापतात. भिऱ्याच्या हवामान केंद्रावर मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि ती बरीच गाजली होती, यावरून या दरीचा उन्हाळा कसा असतो याची कल्पना यावी. उन्हाळ्यात पाणी मात्र गारच लागते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी उशिरा पोहोचून सकाळी राफ्टिंग करून दुपारच्या आत निघणारे गटही असतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

आयोजकाला काय विचारावे

कोलाडजवळच्या सुतारवाडीच्या परिसरात राफ्टिंग आणि मुक्काम दोन्ही देणारे बरेच आयोजक आहेत. त्यांची जाहिरात एकसारखीच असते, म्हणून निवड प्रश्नांवर करावी लागते. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्यानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. तेव्हा पहिला प्रश्न नोंदणीचा आणि दुसरा विम्याचा असावा. त्यानंतर राफ्टच्या ताफ्याबरोबर बचावासाठी कयाक (एकट्याने वल्हवायची छोटी होडी) असते का, प्रत्येक गाईडकडे बचावाच्या दोराची पिशवी असते का, गाईडांचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कधी झाले, हे विचारावे. चांगल्या आयोजकाला असे प्रश्न आवडतात, आणि जो ‘अहो, काही होत नाही, लहान मुलेसुद्धा करतात’ असे उत्तर देतो त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करून फोन ठेवतो.

पैशांच्या बाबतीत भांडणे होतात ती मूळ दरावरून नव्हे, तर दरात काय धरले आहे यावरून. मुक्कामाच्या जागेपासून राफ्ट सुटण्याच्या ठिकाणापर्यंत आणि शेवटापासून परत अशी गाडीची सोय दरात आहे का, कर वेगळा आहे का, सकाळचा नाश्ता राफ्टिंगच्या आधी मिळणार की नंतर, फोटो आणि चित्रफितीचे पैसे निराळे आहेत का, हे सगळे लेखी घ्यावे. सर्वात महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी पाणी सुटलेच नाही किंवा फार कमी सुटले तर पैसे परत मिळतील, तारीख बदलून मिळेल, की दोन्हीपैकी काहीच नाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ठरवून घ्यावे. वीजगृहात दुरुस्तीचे काम निघाले तर पाणी थांबते, आणि त्यात आयोजकाचा दोष नसतो. आधी बोलणे झाले असेल तर नंतर कोणाचे तोंड कडू होत नाही.

गटाची यादी

एका राफ्टमध्ये गाईड सोडून साधारण आठ जण बसतात, त्यामुळे गटाची संख्या आठच्या पटीजवळ ठेवणे सोयीचे असते. सतरा जणांचा गट सर्वात अडचणीचा, कारण एकाला अनोळखी राफ्टमध्ये बसावे लागते आणि तो एकटा म्हणजे नेमका ज्याची आई काळजीत असते तोच निघतो. यादी करताना नाव, वय आणि फोन क्रमांकाबरोबर अंदाजे वजन, पोहता येते का, आणि घरच्या माणसाचा संपर्क हे रकाने ठेवावेत. वजन विचारताना लोक लाजतात, पण राफ्टच्या दोन्ही बाजूंना भार सारखा असणे आवश्यक असते आणि जॅकेटचे माप त्यावरच ठरते, हे समजावून सांगितले की आकडा मिळतो. कधी कधी खराही मिळतो.

पोहता न येणारी व्यक्ती राफ्टिंग करू शकते. लाइफ जॅकेट अंगावर नीट बसलेले असेल तर माणूस तरंगतो, पोहणे येवो अथवा न येवो. अडचण पोहण्याची नसून घाबरण्याची असते. म्हणून न पोहणाऱ्यांना एका राफ्टमध्ये गोळा न करता प्रत्येक राफ्टमध्ये दोन-तीन असे विभागावे आणि त्यांच्या शेजारी शांत डोक्याचा माणूस बसवावा. कोलाडला साधारणपणे १४ वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. तेव्हा लहान मुले असलेल्या कुटुंबांना आधीच तसे कळवावे, म्हणजे काठावर रडारड होत नाही. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा अपस्माराचा त्रास असलेले, पाठीची किंवा मानेची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले यांनी काठावरूनच आनंद घ्यावा. दमा असलेल्याने आपला पंप पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गाईडच्या हवाली करावा आणि ते त्याला तोंडी सांगावे.

गटाचा एकच प्रमुख असावा आणि तो फोटो काढणारा नसावा. प्रमुखाचे काम मोजण्याचे आहे : गाडीत चढताना, तंबूत झोपण्यापूर्वी, राफ्टमध्ये बसताना, पाण्याबाहेर आल्यावर. आमच्यात हे काम एका निवृत्त शाळामास्तरांकडे असते आणि ते चाळीस वर्षांच्या सवयीने ओठ न हलवता मोजतात.

पोहोचणे

मुंबईहून पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे या मार्गाने मुंबई-गोवा महामार्गावरून कोलाड सुमारे १२० किलोमीटर आहे. या महामार्गाच्या कामाविषयी कोकणी माणसाला नवे काही सांगण्याची गरज नाही. अंतराच्या हिशेबापेक्षा दीड तास जास्तीचा धरावा आणि गणपती, शिमगा किंवा लागून आलेल्या सुट्ट्या असतील तर तारीखच बदलावी. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे आणि तेथून सुतारवाडीच्या रस्त्याने गेल्यास कोलाडच्या महामार्गावर जावेच लागत नाही. घाटात गाडी लागणाऱ्यांनी निघण्यापूर्वी अर्धा तास गोळी घ्यावी आणि पुढच्या बाकावर बसावे. रेल्वेने यायचे तर कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि कोलाड हे त्यानंतरचे पहिलेच स्थानक आहे, पण तेथे मोजक्याच गाड्या थांबतात; मोठ्या गटाने रोह्याला उतरून पुढे ठरवलेली जीप घेणे बरे.

अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे, हा नियम मात्र पाळावाच. दुपारी तीन-साडेतीनला पोहोचलात तर तंबूची जागा डोळ्यांनी पाहून निवडता येते.

तंबूची जागा आणि रात्र

नदीकाठच्या मुक्कामात सर्वात मोठी चूक म्हणजे पात्रातल्या वाळूवर किंवा गोट्यांच्या सपाट पट्ट्यावर तंबू ठोकणे. संध्याकाळी नदी गुडघाभर असते, पट्टा कोरडा आणि मऊ असतो, चांदण्यात तर फारच देखणा दिसतो. पण वरून पाणी सुटले की हाच पट्टा पाण्याखाली जातो, आणि पाणी रात्री सुटणार नाही याची हमी कोणी देत नाही. काठावर नीट पाहिले तर खडकांवर एक रेषा दिसते : तिच्याखाली खडक गडद आणि शेवाळलेला, वर फिकट आणि कोरडा. झाडांच्या मुळांत अडकलेला पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या त्याहून वर कोठे आहेत तेही पाहावे, कारण पुराचे पाणी तेथपर्यंत आलेले असते. तंबू या दोन्ही खुणांच्या वर, गावकऱ्याच्या किंवा आयोजकाच्या जागेत, त्याची परवानगी घेऊनच ठोकावेत. याच कारणासाठी रात्री पात्रात फिरायला जाणे, खडकावर बसून गप्पा मारणे आणि संध्याकाळी अनोळखी डोहात उतरणे, या तिन्ही गोष्टींना साफ बंदी असावी.

थंडीत दरीत दव इतके पडते की एकपदरी तंबू पहाटेपर्यंत आतून ठिबकू लागतो. वरचे दुसरे आवरण ताणून बसवावे, ते आतल्या कापडाला टेकू देऊ नये आणि हवा खेळण्यासाठी जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. तंबूखाली ताडपत्री अंथरावी, पण तिच्या कडा तंबूबाहेर डोकावणार नाहीत अशा दुमडून घ्याव्यात, नाही तर वरचे पाणी ताडपत्रीवर गोळा होऊन बरोबर पाठीखाली येते. ‘चार माणसांचा तंबू’ असे लिहिलेले असेल तर त्यात तीन माणसे आणि त्यांच्या पिशव्या झोपतात.

कोकणातल्या दरीत साप असतात, आणि फुरसे तर आकाराने लहान असल्यामुळे गोट्यांत चटकन दिसत नाही. रात्री तंबूबाहेर पाऊल टाकताना पायात बूट आणि हातात विजेरी हवीच; बूट बाहेर ठेवले असतील तर घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत. तंबूची चेन उघडी ठेवू नये. दंश झालाच तर चिरा देणे, रक्त चोखणे, आवळपट्टी बांधणे यांपैकी काहीही न करता त्या अवयवाची हालचाल थांबवून माणसाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा हाताशी असलेल्या गाडीने माणगाव किंवा रोह्याच्या सरकारी उपजिल्हा रुग्णालयाकडे न्यावे. एक गाडी आणि न प्यालेला एक चालक रात्रभर मुक्कामावर तयार असणे, ही सोय मी तंबूंच्या आधी पाहतो.

दारूविषयी वेगळे लिहावे लागते ही खेदाची गोष्ट आहे. आदल्या रात्री उशिरापर्यंत प्यालेल्या माणसाचा तोल, प्रतिक्रिया आणि अंगातले पाणी तिन्ही सकाळी कमी असते, आणि राफ्टमध्ये त्याच्या शेजारी बसलेल्याला त्याची किंमत द्यावी लागते. चांगले गाईड वास आला तरी उतरवतात. आमच्या गटात नियम असा आहे की ज्याला प्यायचे असेल त्याने सकाळी सामान सांभाळायला काठावर थांबावे. गेल्या काही वर्षांत सामान सांभाळायला कोणीच मिळत नाही, ड्रायव्हरला विनंती करावी लागते.

पोपटी

मुक्कामाचे जेवण म्हणजे कोळशावर भाजलेले पनीरचे तुकडे, असा एक समज शहरी आयोजकांनी करून दिला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात आलात आणि पोपटी न खाता परतलात तर सहल निम्मीच झाली असे समजावे. त्या दिवसांत शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. आयोजकाला दोन दिवस आधी सांगितले तर तो गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलावतो, आणि सामान तुम्ही आणले तरी भांबुर्डीचा पाला मात्र त्यालाच आणू द्यावा, कारण तो बांधावरून ओळखून काढावा लागतो.

मातीच्या मडक्याच्या तळाला हा पाला दाबून भरतात. त्यावर धुतलेल्या वालाच्या शेंगांचा थर, जाडे मीठ आणि हातावर चोळलेला ओवा, मग बटाटे, रताळी, अंडी. सामिष असेल तर आले-लसूण आणि मिरची चोळलेले कोंबडीचे तुकडे केळीच्या पानात गुंडाळून मधोमध. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ, आणि शेवटी तोंडाशी पाल्याचा इतका घट्ट बोळा की मडके उलटे केले तरी काही सांडू नये. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगा आणि पाला यांच्या वाफेवरच सगळे शिजते. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती आणि वर पेंढा, सुकलेले गवत आणि काटक्या रचून पेटवतात आणि जाळ साधारण अर्धा तास सारखा राखतात. झाले की नाही हे पाहण्यासाठी मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात : चर्र आवाज होऊन थेंब तत्काळ उडाला तर पोपटी तयार. निखारे बाजूला सारून मडके उलथले की जो वास सुटतो, त्याच्यापुढे मोबाईलवर गाणी लावण्याचे कोणाला सुचत नाही. जाळ तंबूंपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावा आणि झोपण्यापूर्वी राखेवर दोन बादल्या पाणी ओतून हात लावून पाहावा. जिवंत झाडाची फांदी तोडू नये. नदीचे पाणी पिऊ नये, आणि दहानंतर आवाज खाली आणावा, कारण पलीकडच्या वस्तीतल्या लोकांना सकाळी शेतावर जायचे असते.

सकाळी काठावर

अंगावर लवकर वाळणारे कपडे घालावेत. जीन्स पाण्याने जड होते आणि सुती बनियन थंडीत अंगाला चिकटून अंग गारठवते. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत. स्लिपर पहिल्याच रॅपिडमध्ये, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या खळाळात, नदीला अर्पण होतात. चष्म्याला दोरी बांधावी, अंगठ्या, मंगळसूत्र, घड्याळ आणि गाडीची किल्ली काठावर एका पिशवीत प्रमुखाकडे द्यावी. फोन बरोबर नेऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला फोन गळ्यात लटकवणारा एक तरी वीर प्रत्येक गटात असतो, आणि त्याचा एक हात वल्ह्याऐवजी सतत छातीवर असतो.

लाइफ जॅकेट घातल्यावर खालपासून वर सगळे पट्टे आवळावेत आणि मग शेजाऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून जोरात वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे, बदलून घ्यावे. हेल्मेट कपाळ झाकणारे, हनुवटीखाली फक्त दोन बोटे जातील इतके घट्ट असावे. ही तपासणी प्रत्येकाने दुसऱ्याची करावी, स्वतःची नव्हे.

पाण्यावर

साजे गावाजवळून सुरू होणारा हा टप्पा सुमारे १२ किलोमीटरचा आहे आणि त्यात दहा-बारा रॅपिड लागतात. नद्यांच्या खडतरपणाच्या आंतरराष्ट्रीय मापात एक ते सहा श्रेणी असतात. कुंडलिकेचे रॅपिड दोन ते तीन, आणि पाणी चांगले असेल तर तिसरीच्या किंचित वर, म्हणजे नवख्याला झेपणारे पण चेष्टेवारी नेण्यासारखे नव्हेत. दोन रॅपिडांच्या मधल्या शांत पाण्यात गाईड आज्ञांचा सराव घेतो. ‘फॉरवर्ड’ म्हटले की पुढे, ‘बॅक’ म्हटले की मागे, ‘स्टॉप’ला वल्हे पाण्याबाहेर, ‘गेट डाऊन’ला कडेवरून राफ्टच्या आत खाली बसून दोर धरायचा. वल्ही एकत्र पडली तरच राफ्टला दिशा मिळते, म्हणून सर्वांनी पुढे बसलेल्या दोघांच्या तालावर मारावे, आणि त्या दोन जागांवर ताकदवानापेक्षा ताल असलेले लोक बसवावेत. आमच्या अनुभवात ढोल-ताशा पथकातली मुले तेथे उत्तम ठरतात. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते, तिच्यावर हात सतत घट्ट हवा. राफ्टवरचे बहुतेक फुटलेले ओठ आणि दात खडकामुळे नव्हे, तर शेजाऱ्याच्या मोकळ्या सुटलेल्या मुठीमुळे फुटतात.

बाहेर पडणे शक्य आहे असे धरूनच बसावे. माझ्यासमोर एकदा पुढच्या बाकावरची मैत्रीण लाटेच्या धक्क्याने एका क्षणात गेली. राफ्टमध्ये तिचे वल्हे तेवढे उरले. दोन सेकंदांनी डाव्या बाजूला निळे हेल्मेट वर आले, आणि तिने सराव केल्याप्रमाणे पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटे पाण्याबाहेर दिसतील असे वर घेतले. तिने केले ते एवढेच, आणि तेवढेच पुरेसे होते. या स्थितीत खडक आला तर तो पायांना लागतो, डोक्याला नाही. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करू नये, पाणी कमरेइतकेच असले तरीही, कारण दोन खडकांत पाऊल अडकले तर मागचा प्रवाह माणसाला तोंडावर पाडून दाबून धरतो. शांत पाणी लागले की पालथे होऊन काठाकडे पोहावे. गाईडने दोर फेकला तर पिशवी नव्हे, दोर धरावा. तो मनगटाला गुंडाळू नये, छातीशी धरून खांद्यावरून घ्यावा आणि पाठीवरच राहावे. राफ्टखाली सापडल्यास छतावर हात टेकत एकाच दिशेने सरकत राहावे, म्हणजे कडा सापडतेच.

बाहेर पडलेल्याला आत घेताना हात किंवा केस न ओढता त्याचे तोंड आपल्याकडे वळवून जॅकेटचे खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरावेत, गुडघे कडेला टेकवावेत आणि स्वतः मागे पडावे. माणूस मासळीसारखा अंगावर येऊन पडतो. वाकून उचलायला गेलेले दोघेही पाण्यात जातात. शेवटच्या शांत पट्ट्यात गाईड उतरून तरंगायची मुभा देतो, तेव्हा न पोहणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, मात्र राफ्टच्या दोराला धरून.

परत

शेवटच्या ठिकाणी गाडीत प्रत्येकाचे कोरडे कपडे, टॉवेल आणि गूळ-शेंगदाणे अशी पिशवी तयार असावी, कारण अंग थांबले की लगेच थंडी वाजू लागते आणि मुक्कामावर परतायला वेळ लागतो. बाहेर आल्यावर राफ्ट उचलून वर नेण्यास गाईडांना हात द्यावा. ही बहुतेक आसपासच्या गावांतली मुले आहेत आणि ती दिवसाला हेच काम पुन्हा पुन्हा करतात. त्याच वेळी मास्तरांनी मोजून घ्यावे.

दुपारच्या जेवणानंतर ‘आता आलोच आहोत तर देवकुंड धबधबा पाहून जाऊ’ असा प्रस्ताव हमखास येतो. तो नाकारावा. भिऱ्यापासून तेथे जायला आणि यायला डोंगरातली बरीच चाल आहे, पावसाळ्यात तेथे प्रशासनाची बंदी असते, आणि सकाळभर वल्ही मारलेल्या पायांना ती वाट झेपत नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढावा. तंबू उन्हात उलटे पसरून तळ वाळवूनच गुंडाळावेत, रात्रीचा कचरा मोजून गाडीत घ्यावा, आणि पुण्याकडे जाणाऱ्यांनी तीनपर्यंत निघावे, म्हणजे ताम्हिणीची वळणे उजेडात संपतात आणि ज्यांना गाडी लागते त्यांना निदान समोरचा रस्ता तरी दिसत राहतो.